रिक्त पदांचे राज्य : कामगार निरीक्षण यंत्रणेच्या मनुष्यबळाची चिकित्सा

प्रस्तावना :

कामगार कायद्यांविषयी महाराष्ट्रात आणि एकूणच भारतात झालेली चर्चा प्रामुख्याने कायद्याच्या मजकुराभोवती फिरत राहिली आहे. कलम कोणते, दंड किती, कामगारसंख्येची मर्यादा दहा की वीस, या प्रश्नांवर विपुल लेखन झाले. कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी शासनाने किती माणसे नेमली, त्यांपैकी किती प्रत्यक्ष कामावर आहेत आणि एकेकाच्या वाट्याला किती आस्थापना येतात, हा प्रश्न मात्र बहुधा तळटीपेत राहिला. वास्तविक किमान वेतन, कामाचे तास, जादा कामाचा मोबदला, यंत्राभोवतीचा संरक्षक कठडा हे हक्क असे आहेत, की ते मोडल्याची तक्रार कामगाराने स्वतः केली तर त्याची नोकरीच धोक्यात येते. म्हणूनच या हक्कांच्या अंमलबजावणीचा भार कायद्याने निरीक्षक या शासकीय सेवकावर टाकला. निरीक्षक नसेल तर हक्क कागदावर शाबूत राहतो आणि कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो.

१९९१ नंतर खाउजा धोरणाच्या समर्थकांनी ‘इन्स्पेक्टर राज’ हा शब्दप्रयोग रूढ केला. या शब्दाने निरीक्षकांच्या अधिकारांकडे सर्वांचे लक्ष वेधले. त्यांच्या संख्येकडे मात्र कोणी पाहिले नाही. ज्याचे ‘राज्य’ चालते असे म्हटले जाते, तो अनेक तालुक्यांत वर्षानुवर्षे फिरकलेलाच नसतो, ही विसंगती या शब्दाखाली झाकली गेली. प्रस्तुत लेखात निरीक्षकांच्या अधिकारांपेक्षा त्यांच्या मनुष्यबळाची चिकित्सा केली आहे. रिक्त पद हीदेखील कायद्यातील एक दुरुस्तीच असते; फरक एवढाच, की ती विधिमंडळात मांडावी लागत नाही, तिच्यावर चर्चा होत नाही आणि तिला कोणाची सही लागत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

निरीक्षकाशिवाय कामगार कायदा चालत नाही, हा धडा सर्वप्रथम इंग्लंडला मिळाला. १८०२ च्या कायद्याने गिरण्यांतील उमेदवार मुलांच्या संरक्षणाची तरतूद केली; पण तपासणीचे काम स्थानिक प्रतिष्ठितांकडे सोपविल्याने ती तरतूद निष्प्रभ ठरली. १८३३ च्या कायद्याने प्रथमच चार वेतनधारी निरीक्षक नेमले. संपूर्ण देशासाठी चार माणसे हा आकडा आज हास्यास्पद वाटेल. परंतु लिओनार्ड हॉर्नर यांच्यासारख्या निरीक्षकाने लिहिलेले अहवाल पुढे गिरणी कामगारांच्या स्थितीविषयीचे सर्वांत भरवशाचे साधन ठरले आणि कार्ल मार्क्सनेही ‘भांडवल’ ग्रंथात त्यांचा मुक्तपणे आधार घेतला.

मुंबईत मात्र १८८१ साली हा धडा अर्धवटच गिरवला गेला. १८७५ च्या मुंबई कारखाना आयोगानंतर सहा वर्षांनी आलेला पहिला भारतीय कारखाने कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी, सात ते बारा वयोगटासाठी कमाल नऊ तास आणि महिन्याला चार सुट्या एवढेच त्याचे स्वरूप होते. या मोजक्या तरतुदींची तपासणीही मुख्यतः पदसिद्ध निरीक्षकांवर, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर टाकण्यात आली. महसूल, कायदा-सुव्यवस्था आणि दुष्काळ सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने जन्मनोंद नसलेल्या मुलाचे वय गिरणीत जाऊन ठरवावे, अशी ती अपेक्षा होती.

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन त्या वर्षीच्या कारखाना आयोगासाठी तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि अपघातग्रस्ताला मदत या त्यातील मागण्या सर्वश्रुत आहेत. त्यांचा ऐतिहासिक गौरव पुष्कळ झाला. त्यांतील एक पैलू मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. रविवारची सुटी डोळ्यांना दिसते. गिरणीचा भोंगा वाजला की नाही हे संपूर्ण परळला कळते. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि पंधरा तारखेचा पगार यांचे तसे नाही. ते पाहण्यासाठी कोणीतरी गिरणीच्या आत जावे लागते, हजेरीपट उघडावा लागतो. १८९० साली रविवारची सुटी मिळाली आणि टिकली. उरलेल्या मागण्यांचा प्रवास कितीतरी लांबला, याचे एक कारण येथे सापडते.

१९०७-०८ च्या कारखाना कामगार आयोगासमोर जे चित्र आले, ते या निदानाला दुजोरा देणारे होते. विजेचे दिवे आल्यापासून गिरण्यांतील दिवस सूर्यास्तानंतरही लांबत गेला होता, मुलांविषयीचे नियम सर्रास मोडले जात होते, आणि पदसिद्ध निरीक्षकांकडे या कामासाठी ना वेळ होता ना विशेष ज्ञान. तरीही जिल्हा दंडाधिकारी हा आपल्या जिल्ह्यापुरता निरीक्षक असतोच, ही तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या आठव्या कलमातही कायम राहिली. ज्या व्यवस्थेचे अपयश चाळीस वर्षांपूर्वी उघड झाले होते, तीच स्वतंत्र भारताने वारशाने स्वीकारली.

आंतरराष्ट्रीय बांधिलकी आणि साधे अंकगणित :

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामगार निरीक्षणविषयक करार क्रमांक ८१ हा १९४७ चा. भारताने ७ एप्रिल १९४९ रोजी त्याचे अनुसमर्थन केले. या कराराचे दहावे कलम निरीक्षकांच्या संख्येविषयी आहे. ती ‘पुरेशी’ असली पाहिजे आणि पुरेपणा ठरविताना आस्थापनांची संख्या, स्वरूप व आकार, कामगारांची संख्या, अमलात आणावयाच्या तरतुदींची गुंतागुंत आणि निरीक्षकांना उपलब्ध असलेली साधने यांचा विचार झाला पाहिजे, असे ते सांगते. बाराव्या कलमानुसार निरीक्षकाला पूर्वसूचना न देता दिवसा किंवा रात्री केव्हाही कार्यस्थळी प्रवेश करता आला पाहिजे. सोळाव्या कलमानुसार आवश्यक तितक्या वेळा आणि आवश्यक तितकी सखोल तपासणी झाली पाहिजे. ‘पुरेशी’ या शब्दाला आकड्याचे रूप २००६ साली मिळाले. संघटनेच्या नियामक मंडळापुढे मांडलेल्या निकषांत विकसित औद्योगिक देशांत दहा हजार, औद्योगिकीकरण सुरू असलेल्या देशांत पंधरा हजार, संक्रमणावस्थेतील देशांत वीस हजार आणि अल्पविकसित देशांत चाळीस हजार कामगारांमागे एक निरीक्षक असे प्रमाण सुचविण्यात आले.

भारताला सर्वांत सौम्य, म्हणजे चाळीस हजारांचा निकष लावून पाहावा. शेतीच्या निरीक्षणाचा करार क्रमांक १२९ भारताने स्वीकारलेला नाही, म्हणून शेती बाजूला ठेवू. केवळ हिशेबापुरते बिगरशेती कामगार वीस कोटी धरले, तरी पाच हजार निरीक्षक लागतात. पंधरा हजारांचा निकष लावला तर हा आकडा तेरा हजारांच्या वर जातो. याउलट कारखान्यांपुरते बोलायचे तर कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महासंचालनालयाच्या अलीकडच्या वर्षांतील आकडेवारीनुसार देशातील कारखाना निरीक्षकांची मंजूर पदे हजाराच्या आसपास आहेत, प्रत्यक्ष भरलेली त्याहून बरीच कमी, आणि नोंदणीकृत कारखाने तीन लाखांहून अधिक. मंजूर असलेले प्रत्येक पद भरलेले आहे असे मानले, तरीही एका निरीक्षकाच्या वाट्याला तीनशेच्या आसपास कारखाने येतात. वर्षातील कामाचे दिवस अडीचशेच्या आत. त्यांतून न्यायालयीन तारखा, अपघातांच्या चौकशा, परवाने व नकाशे मंजुरी, बैठका आणि विधिमंडळातील प्रश्नांची उत्तरे वजा केली, तर प्रत्येक कारखान्याला वर्षातून एक भेट देणेही अशक्य ठरते. रात्रपाळीतील भेट तर दूरच राहिली. महाराष्ट्रासारख्या अग्रेसर औद्योगिक राज्यात भरलेल्या पदांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षाही कमी असल्याचे २०२१ च्या आकडेवारीत दिसते, ही बाब राज्याच्या पुरोगामी प्रतिमेशी ताडून पाहण्यासारखी आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात निरीक्षणाचे काम एका खात्याकडे नाही. कारखान्यांतील सुरक्षितता व आरोग्य औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. वेतन, बोनस, कंत्राटी कामगार यांची तपासणी कामगार आयुक्तालयाच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे. भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा यांचे निरीक्षक केंद्राच्या संस्थांकडे. यामुळे उद्योजकाला चार दारे दिसतात आणि तो ‘राज’ म्हणतो. कामगाराला मात्र चार दारांपैकी उघडे एकही सापडत नाही. दोघेही खोटे बोलत नसतात.

‘पद मंजूर, भरती बंद’ या वाक्याचा अर्थ महाविद्यालयीन प्राध्यापकांना निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. आकृतिबंध, बिंदुनामावली, वित्त विभागाची हरकत आणि अतिरिक्त कार्यभार ही सारी शब्दावली त्यांच्या परिचयाची आहे. तासिका तत्त्वावर अध्यापन कसेबसे पुढे रेटता येते. तासिका तत्त्वावर कारखान्याचे निरीक्षण करता येत नाही. निरीक्षकाच्या सेवेची शाश्वती आणि बाह्य दबावापासूनची मुक्तता ही करार ८१ च्या सहाव्या कलमाचीच अट आहे.

दोन घटना, दोन प्रतिसाद :

१९८२ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत चाललेल्या बांधकामांवरील मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. त्या वेळी किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते आणि त्यातील एक रुपया जमादार स्वतःकडे ठेवून घेत होते. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ खालील वेठबिगारी होय, असा निर्वाळा न्यायमूर्ती भगवती यांनी दिला. विधीच्या अभ्यासक्रमात हा निकाल या तत्त्वासाठी शिकविला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि त्याच खटल्यातील दुसरी बाजू प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. बांधकामस्थळांना वेळोवेळी भेटी देऊन कायदा पाळला जातो की नाही हे कळविण्यासाठी न्यायालयाने तीन लोकपाल नेमले. देशाच्या राजधानीत, शासनाच्याच कामावर, शासनाचेच कामगार कायदे पाळले जातात की नाही हे पाहायला न्यायालयाला स्वतःची माणसे पाठवावी लागली! कायदा मोडणाऱ्यांना किरकोळ दंड करून सोडून देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांविषयीही या निकालात नापसंती व्यक्त झाली. हक्काची व्याख्या मूलभूत हक्कापर्यंत उंचावली गेली. निरीक्षणाची व्यवस्था मात्र त्या एका खटल्यापुरती उभी राहिली.

दुसरी घटना भोपाळची. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार मध्य प्रदेशात आठ हजारांहून अधिक कारखान्यांसाठी पंधरा निरीक्षक होते. भोपाळ कार्यालयातील दोघे निरीक्षक यंत्र अभियंते होते आणि रासायनिक धोक्यांचे ज्ञान त्यांच्याकडून अपेक्षितच नव्हते. संख्येचा प्रश्न आणि पात्रतेचा प्रश्न येथे एकत्र येतात. संसदेने १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे नवे प्रकरण घातले. ते आवश्यकच होते. परंतु प्रकरण वाढले की तपासणीच्या बाबी वाढतात. पदे मात्र कलमाने वाढत नाहीत, ती वित्त विभागाच्या संमतीने वाढतात. प्रत्येक दुर्घटनेनंतर कायदा जाड होतो आणि त्याला हाताळणारा हात तेवढाच राहतो, असा हा क्रम आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनंतर कारखाने वस्तीपासून हलविण्याची चर्चा दोन्ही वेळा झाली. त्या पट्ट्यात रसायनशास्त्र जाणणारे किती निरीक्षक असावेत, ही चर्चा त्या तुलनेत क्वचितच ऐकू आली.

शेजारच्या बांगलादेशाने याबाबत निदान एक पाऊल वेगळे टाकले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. जानेवारी २०१४ मध्ये तेथील कारखाना निरीक्षण विभागाचा दर्जा वाढविण्यात आला आणि मंजूर पदे ३१४ वरून ९९३ करण्यात आली. ती सगळी लगेच भरली गेली असे नव्हे. मंजुरी आणि नियुक्ती यांतील अंतर तेथेही राहिले. शिवाय हा निर्णय परदेशी ग्राहकांच्या दबावाखाली झाला, हेही खरे. पण दुर्घटनेचे उत्तर पदांच्या संख्येत शोधता येते, एवढे त्यातून दिसले.

‘इन्स्पेक्टर राज’ या संकल्पनेची चिकित्सा :

निरीक्षकांविषयीची तक्रार निराधार आहे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हप्ता, दिवाळीची भेट, नोंदवहीतील क्षुल्लक त्रुटीवरून अडवणूक या गोष्टी लघुउद्योजकांच्या नित्य अनुभवातील आहेत. प्रश्न एवढाच, की त्यावर निरीक्षक कमी करणे हा उपाय आहे काय? तीनशे कारखान्यांपैकी कोणते तीस पाहायचे हे ज्याच्या मर्जीवर असते, त्याच्या हाती न पाहण्याचीही सत्ता असते आणि तीच अधिक किमतीला विकली जाते. सर्वांकडे नियमित जाणाऱ्या निरीक्षकाला विकण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणजे टंचाई हीच भ्रष्टाचाराची सुपीक जमीन आहे. रेशनच्या काळात हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

अर्थशास्त्रीय संशोधनानेही या बाबतीत मोठी उणीव ठेवली. बेस्ली आणि बर्जेस यांचा २००४ सालचा निबंध कामगार कायदे आणि औद्योगिक कामगिरी यांच्या चर्चेत सर्वाधिक उद्धृत झालेल्यांपैकी आहे. त्यांनी औद्योगिक विवाद अधिनियमातील राज्यनिहाय दुरुस्त्या मोजल्या, प्रत्येकीला कामगारांच्या बाजूची की मालकांच्या बाजूची असा गुण दिला आणि त्या बेरजेवरून राज्यांचे वर्गीकरण केले. त्यात महाराष्ट्र कामगारधार्जिण्या राज्यांत गणला गेला. आदित्य भट्टाचारजी यांनी २००६ साली या वर्गीकरणाची कठोर तपासणी केली आणि त्यातील दोष दाखविले. तथापि मूळ अडचण गुणांकनापेक्षाही खोल आहे. कायद्याच्या पुस्तकातील दुरुस्ती मोजणे सोपे, कारण ती राजपत्रात छापलेली असते. रिकामी खुर्ची राजपत्रात छापली जात नाही. परिणामी ज्या राज्यात कामगार अधिकाऱ्यांची पदे रिकामी राहिली, ते राज्यही संशोधनात ‘कडक’ ठरू शकते आणि त्या निष्कर्षाच्या आधारे कायदा आणखी सैल करण्याची शिफारस होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञ समितीने निरीक्षणाची पूर्ण आकडेवारी भारताकडे वारंवार मागितली आहे. न मोजण्याची ही सवय केवळ संशोधकांची नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र शासनाने श्रम सुविधा संकेतस्थळ सुरू केले. कोणत्या आस्थापनेची तपासणी करायची हे संगणकाने यादृच्छिक पद्धतीने ठरवावे आणि निरीक्षकाने ७२ तासांत अहवाल चढवावा, अशी ही योजना. मर्जीला आळा घालण्याचा हा प्रयत्न म्हणून त्याचे स्वागत करण्यास हरकत नाही. परंतु सोडतीत नाव निघण्यासाठी आधी नाव नोंदलेले असावे लागते. ज्या गाळ्यात पंधरा मुले शिवणयंत्रावर बसलेली आहेत आणि ज्याच्या दारावर पाटीही नाही, तो गाळा कोणत्याही संगणकाच्या चिठ्ठीत येत नाही. तो शोधण्यासाठी गल्लीबोळ पायाखाली घालणारा माणूस लागतो.

याहून गंभीर मुद्दा तक्रारदाराच्या सुरक्षिततेचा आहे. करार ८१ च्या पंधराव्या कलमानुसार निरीक्षकाने तक्रारीचा उगम गुप्त ठेवावा आणि आपली भेट तक्रारीमुळे आहे असे मालकाला सूचितही करू नये, असे बंधन आहे. हे बंधन पाळणे निरीक्षकाच्या सचोटीपेक्षा त्याच्या भेटींच्या वारंवारतेवर अवलंबून असते. जेथे दर वर्षी सहजच कोणीतरी येऊन जाते, तेथे तक्रारीनंतरची भेटही नेहमीचीच वाटते. जेथे आठ वर्षांत कोणी आलेले नाही, तेथे अचानक जीप थांबली की पर्यवेक्षक त्याच संध्याकाळी विचारतो : कोणी कळवले? बारा जणांच्या कारखान्यात उत्तर शोधायला वेळ लागत नाही. निरीक्षक कमी झाले म्हणजे केवळ तपासण्या कमी होतात असे नाही, तर तोंड उघडणाऱ्या कामगाराचा पडदाही निघून जातो. त्यानंतर तक्रारी कमी होतात, आणि तक्रारी कमी आहेत हेच पुढे निरीक्षकांची गरज नसल्याचा पुरावा म्हणून मांडले जाते. मनुष्यबळाच्या प्रश्नाकडे निव्वळ कार्यक्षमतेच्या दृष्टीने पाहणाऱ्या लेखनात हा मुद्दा जवळजवळ अनुपस्थित आहे.

निरीक्षकाचा सुविधाकार :

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ हा त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लागू झाला. त्याने दोन गोष्टी केल्या. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना मुख्य तरतुदींच्या बाहेर गेल्या आणि ‘निरीक्षक’ हा ‘सुविधाकार’ झाला. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास व दैनंदिन कामाचे तास नऊवरून दहा करण्यास मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ हे जोडनाव देशभर लागू झाले. शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहाऐवजी वीस आणि शक्तीविना चालणाऱ्यासाठी वीसऐवजी चाळीस कामगार, ही कारखान्याची नवी व्याख्या आहे. मनुष्यबळाचा अनुशेष भरून काढण्याचा हा एक मार्गच म्हणावा लागेल. निरीक्षक वाढविण्याऐवजी निरीक्षणयोग्य कारखानेच कमी करणे!

नामांतराची टीका करताना समतोल ठेवला पाहिजे. मालकाला व कामगारांना कायद्याची माहिती देणे, सल्ला देणे हे काम करार ८१ च्या तिसऱ्या कलमानेच निरीक्षकाकडे सोपविले आहे. छोट्या उद्योजकाला नोंदवही कशी ठेवावी हे समजावून सांगणारा अधिकारी हवाच असतो. आक्षेप सल्ल्याला नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो, की इतर कामांनी निरीक्षणाच्या मुख्य कामात व्यत्यय येता कामा नये. माणसे पुरेशी असती तर दोन्ही भूमिका एका अंगावर शोभल्या असत्या. ती नसताना जोडनावातील कोणता अर्धा भाग आधी गळून पडेल, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची आवश्यकता नाही.

वेतन संहितेत याचे स्पष्ट दर्शन घडते. १९४८ च्या कायद्याप्रमाणे किमान वेतन अनुसूचीतील रोजगारांपुरते होते; संहितेने ते संघटित-असंघटित सर्व कामगारांना लागू केले. हक्काच्या दृष्टीने हे मोठे पाऊल आहे आणि त्याचे श्रेय नाकारता येत नाही. पण त्याच संहितेनुसार खटला भरण्यापूर्वी निरीक्षकाने मालकाला पूर्ततेची लेखी संधी द्यावी लागते; पाच वर्षांत तसाच भंग पुन्हा आढळला तरच ती संधी नाकारता येते. कमी वेतन दिल्याबद्दल पहिल्या वेळी कमाल दंड पन्नास हजार रुपये. आता येथे निरीक्षकांची संख्या घालून पाहावी. पाच वर्षांत ‘पुन्हा’ आढळण्यासाठी पाच वर्षांत किमान दोनदा जावे लागते. जेथे एकदाच जाण्याची मारामार, तेथे प्रत्येक भंग पहिलाच ठरतो. अशा रीतीने कलमात लिहिलेली तीन महिन्यांच्या कैदेची शिक्षा मनुष्यबळाच्या अभावी आपोआप निरस्त होते.

पर्यायी व्यवस्थेचा एक अनुभव :

निरीक्षकाशिवाय हक्क राबविता येतोच, असे दाखविणारा एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवरच झाला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. शासन, मालक व कामगार यांच्या त्रिपक्षीय मंडळात मालक आणि कामगार या दोघांचीही नोंदणी होते. मजुरी थेट हातात न देता लेव्हीसह मंडळाकडे भरली जाते आणि मंडळ ती कामगाराला देते. मजुरी कमी भरली तर ती मंडळाच्या खातेवहीतच दिसते, त्यासाठी कोणाला गोदामात जाऊन उभे राहावे लागत नाही. मंडळाचा खर्चही लेव्हीतून निघत असल्याने वित्त विभागाच्या संमतीवर सर्वस्वी विसंबावे लागत नाही. या प्रयोगाला पुढे खंडणीखोरीच्या तक्रारींचे गालबोट लागले, नोंदणी चुकविणारे मालकही कायम राहिले आणि त्यांना शोधण्यासाठी पुन्हा निरीक्षकच लागला. हे सर्व मान्य करूनही तपासणीचे ओझे हिशेबाच्या रचनेतच सामावून घेण्याची ही कल्पना अभ्यासकांनी जितकी तपासायला हवी होती तितकी तपासलेली नाही. ऊसतोडणी मजुरांना ती लागू झाली असती तर मुकादम आणि साखर कारखाना यांच्यामध्ये अडकलेल्या कोयत्याच्या हिशेबाचे काय झाले असते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

महाविद्यालयांच्या फाटकावर उभा असलेला कंत्राटी सुरक्षारक्षक आणि वर्गखोल्या झाडणारी कंत्राटी कामगार स्त्री या दोघांनाही किमान वेतन लागू आहे. संस्था कंत्राटदाराला देते ती रक्कम आणि त्यांच्या हाती पडते ती रक्कम यांतील फरक पाहण्याचा अधिकार कायद्याने निरीक्षकास दिला आहे. निरीक्षकाची नियुक्ती करण्याविषयी १९४८ चा कारखाने अधिनियम ‘राज्य शासनास करता येईल’ असे म्हणत होता. २०१९ च्या वेतन संहितेचे एक्कावन्नावे कलमही समुचित शासनास तशी नियुक्ती ‘करता येईल’ असेच म्हणते. किती, किती दिवसांत आणि पद रिकामे झाल्यास काय, यांविषयी दोन्ही कायदे मौन बाळगतात. करार ८१ मात्र निरीक्षकांची संख्या पुरेशी ‘असली पाहिजे’ असे बंधन घालतो. संहितांखालील राज्याच्या नियमांत जिल्हानिहाय किमान पदसंख्या घालता आली असती काय, आणि मंजूर, भरलेली व रिक्त पदे यांचा तक्ता दर वर्षी अर्थसंकल्पासोबत विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधन शासनावर का नसावे, हे प्रश्न अद्याप कोणी विचारलेले दिसत नाहीत.